राबाची मोकळी बाजू

आई, उद्या उत्तम शुक्रवार. चर्चमध्ये मुलांना गोष्ट मीच सांगायची आहे. तीच, राबातल्या कोंबडीची. बेलवलीच्या शेतात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा रचून तू राब भाजायचीस आणि धूर निवळला की बांधावर बसून ती सांगायचीस. राब विझल्यावर शेतकऱ्याला एक काळा गोळा दिसतो, तो काठीने ढकलतो, तर जळालेल्या कोंबडीच्या पंखांखालून पिल्लं जिवंत बाहेर पळतात. "येशूनं आपल्याला असंच झाकलं," एवढं बोलून पुन्हा कामाला लागायचीस.

अंबरनाथला आगपेट्यांच्या कारखान्यात लागलो, त्या वर्षी संडे स्कूलमध्ये मी ती पहिल्यांदा सांगितली. आग चारी बाजूंनी लागली, कोंबडीला वाटच उरली नाही, असं रंगवून. घरी येऊन तेच तुला ऐकवलं, तर भाकरी थापता थापता तू हसायला लागलीस.

"चारी बाजूंनी? गाव जाळायचाय का रं? आगपेट्या करतोस आन् आग लावता येत नाही तुला!" मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणालीस, "राब वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवतात, म्हणजे आग हळूहळू सरकते. एक बाजू मोकळी असते. कोंबडी अडकली नव्हती. बसून राहिली."

पुढे कॅम्पात देवीची साथ आली. फाळणीनंतर आलेली माणसं तिथल्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून राहत होती, आणि तू तिथे भाजी विकायचीस. तुझी एक गिऱ्हाईक, सिंधी विधवा, दोन लहान मुलींसकट तापाने पडली. शेजारी फिरकेनात. तू टोपली घेऊन गेलीस ती परत आलीच नाहीस, म्हणून मी न्यायला आलो. बघतो तर धाकटीला मांडीवर घेऊन तू पेज भरवते आहेस.

"आई, चल घरी. यांचं सरकार बघेल."

"सरकार पेज भरवतं काय?"

"दार उघडं आहे. ऊठ."

"दिसतंय मला," तू म्हणालीस. "तू आत येऊ नको."

त्या तिघी बऱ्या झाल्या. तू गेलीस.

ती धाकटी आता दोन मुलांची आई आहे. गालांवर वण आहेत. तिचा देव वेगळा, तरी दर उत्तम शुक्रवारी मुलांना घेऊन येते, शेवटच्या बाकावर बसते. आधी मला गाठून म्हणते, "दादा, अम्मा की कहानी सुनाना." तिची मुलं पिल्लं पळाली की टाळ्या वाजवतात. तिला मात्र डोळे पुसावे लागतात.

माझीही पन्नाशी आली, आई. प्रभू वधस्तंभावरून उतरला नाही म्हणून आपण तरलो, हे मी दरवर्षी सांगतो आणि मनापासून सांगतो. त्या मुलांच्या टाळ्या ऐकल्या की ते खरंच आहे हे दिसतं. उद्याही सांगेन. हे पत्र कुठे टाकणार, शुभवर्तमानाच्या पानांत ठेवून देतो. फक्त "एक बाजू मोकळी होती" इथे आलो की माझा आवाज अडखळतो. मुलांना वाटतं, मी मुद्दाम थांबतो. खरं म्हणजे तेवढ्यापुरतं मला अजून वाटतं, तू उठून यायला हवं होतंस.