शेवटच्या सेटला कुणी बसायचं

चिकलठाणा, औरंगाबाद
दि. ४ जुलै

ती. स्व. दादास,
सरूचा वाकून नमस्कार. वि. वि.

हे पत्र कडूबा ड्रायव्हरच्या एसटीतून पाठवते आहे. पोस्टात टाकलं असतं तर स्पर्धा संपून तिथलं गवत वाळलं तरी तुम्हांला मिळालं नसतं. कडूबाला बजावलंय, आपल्या सीटमागं नीट ठेव, याच्यात भजी बांधू नकोस. वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडं सूनबाई ठीक. बद्रीची वाळूजला पहिली पाळी चालू आहे, म्हणजे संध्याकाळी लेक घरात आणि टीव्ही त्याच्या ताब्यात.

काल विंबल्डनची उपांत्यपूर्व फेरी झाली. आपला डावखुरा जिंकला. आपला म्हणायचं ते यांचा लाडका म्हणून. छावणीत नोकरीला असताना साहेब लोकांचा खेळ बघून बघून हे टेनिस शिकले, म्हणजे बघायला शिकले, आणि मग मला शिकवलं. हे जाऊन चार वर्षं झाली, तो मात्र अजून खेळतोय. तेहतीस वर्षांचा घोडा झालाय. गुडघ्याला पट्टी, आणि दोन पॉइंटांच्या मध्ये टॉवेलनं तोंड पुसत उगाच वेळ काढतो. समोरच्या पोरांना वाटतं हा नाटक करतोय. मला विचारा, तो दमलेला असतो.

आता पुढचं वहिनींना वाचून दाखवू नका. हे गेले त्या वर्षी फायनलला मी पहिल्यांदा यांच्या खुर्चीवर बसले, आणि डावखुऱ्यानं हातात आलेला सामना घालवला. बद्रीनं लगेच टीव्ही बंद केला आणि तो चेष्टेत म्हणाला की, आई, तू बसलीस आणि तो गेला. पुढच्या वर्षी दूध उतू जाईल म्हणून मी मध्येच उठले, तर त्यानं गेलेला सेट ओढून आणला. झालं! तेव्हापासून सामना अडला की बद्री म्हणतो, आई, जरा चहा टाकतेस का. मी समजायचं ते समजते. आत ओट्याशी उभी राहून टाळ्या ऐकते आणि त्यावरून कोण पुढं ते ताडते. तीन वर्षांत शेवटचा सेट मी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

बद्री वाईट नाही, दादा. त्याच्या मनातही नसेल. पण हळदीकुंकवाला मागं राहायचं, नवरीला हळद लागताना बाजूला सरायचं, बारशाला पाळण्यापासून उठायचं, हे सगळं मी कुणी न सांगता करत आले. आता टेनिसमधूनही उठायचं म्हटल्यावर दम लागतो. डावखुरा फायनलला पोचला तर रविवारी बद्री कंपनीतल्या चौघांना घरी बोलावणार आहे. त्यांच्यासमोर चहाचं फर्मान सुटेल. मला यंदा शेवटपर्यंत बसायचंय, एवढंच. आणि खरं सांगू, भीतीही वाटते. माझ्यामुळंच हरला तर?

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. माया आहेच, ती आटू देऊ नका.
तुमची
सरू

अजिंठा
दि. ५ जुलै

चि. सरूस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भज्यांच्या तेलासकट पोचलं. वहिनीला वाचून दाखवू नका म्हणालीस. चष्म्याशिवाय मला दिसत नाही, आणि चष्मा पोथीसाठी तिनं घेतला होता, त्यामुळं तिनंच मला वाचून दाखवलं. मधेच थांबून पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली की ननंदबाईला लिहा, लई झालं आता उठणं. गुडघ्याचं विचारलंस, तर तो दुखतो म्हणून सांगायला तिला माणूस मिळाला की बरा असतो.

तुझा खेळ मला कळत नाही. शून्यानंतर एकदम पंधरा कसे होतात हे तू मला दहादा सांगितलंस. ते लोक गणित कुठल्या मास्तराकडं शिकले देव जाणे. पण हरण्याबद्दल मला थोडं कळतं. आठव, मारुतीच्या पारापुढं आम्ही विटीदांडू खेळायचो आणि तू फ्रॉकच्या ओच्यात बोरं घेऊन बघायला बसायचीस. तू बसलीस की मी हरायचो. तू नसलीस तरी हरायचो. मला खेळताच येत नव्हतं, बाई! तेव्हा तुला पांढऱ्या पायाची म्हणायचं मला सुचलं असतं तर माझी मोठी सोय झाली असती.

इथं सरकीची टोबणी उरकली. एकेक बी वाकून टोचायला माणसं मिळत नाहीत म्हणून मीच दोन तासं धरली आणि कालपासून पाठ धरून बसलोय. बद्रीला माझे आशीर्वाद सांग. कान धरायचा तो मी आल्यावर धरीन.
तुझा
दादा

चिकलठाणा, औरंगाबाद
दि. ६ जुलै

ती. स्व. दादास,
सरूचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून एकटीच हसले. सूनबाईनं डोकावून पाहिलं, बरं आहे ना म्हणून.

काल उपांत्य सामना झाला. पाच सेट. डावखुरा जिंकला, म्हणजे उद्या फायनल. चौथ्या सेटला चहाचा निरोप आला आणि मी उठले, दादा. तुमचं पत्र हाताशी होतं तरी उठले. पाय आपोआप उठतात. पण या वेळी पूर्ण आत गेले नाही, स्वयंपाकघराच्या दारात पडद्याआड उभी राहिले आणि एका डोळ्यानं बघत होते. गॅसवरचा चहा करपला.

शेवटच्या फेऱ्यांचं मला असं वाटतं, की तिथं खेळ कमी आणि थकवा जास्त असतो. पहिल्या दिवशी ते गवत कसं हिरवंगार असतं! आता बघावं तर रेषेपाशी जिथं पाय पडतात तिथं माती उघडी पडलीय. पोरं पहिल्या फेरीला आरोळ्या ठोकतात, उड्या मारतात. शेवटाला कुणी ओरडत नाही. चेंडू आला की मारायचा, पुढचा आला की पुढचा मारायचा. डावखुरा जिंकला तेव्हा त्यानं हातही वर केला नाही. खुर्चीवर बसला आणि डोक्यावर टॉवेल टाकला. जिंकलेला माणूस इतका दमलेला मी पहिल्यांदा पाहिला. एका डोळ्यानं पाहिला तरी कळलं.

शेजारच्या जहांआराभाभीला हे सगळं सांगितलं. ती आधी कपाळाला हात लावून बसली, मग म्हणाली की, तुझ्या नजरेत एवढी ताकद असती तर तू आधी आपल्या गल्लीच्या नळाला पाणी आणलं असतंस. ती हसली, मीही हसले. पण घरी आल्यावर यांच्या खुर्चीकडं पाहिलं आणि वाटलं, ते असते तर त्यांनी मला उठू दिलं असतं का? तेही माझ्या हातचा चहा फार मागायचे.

बद्रीचे मित्र उद्या येणार हे पक्कं. मला ठरवता येत नाही. तो हरला आणि चार परक्या पोरांनी माझ्याकडं बघितलं तर मी कुठं तोंड लपवू?

कडूबा उद्या सकाळच्या गाडीनं परत येणार आहे. दोन ओळी तरी पाठवा. आहात म्हणून बरं आहे.
तुमची
सरू

अजिंठा
दि. ७ जुलै, सकाळ

चि. सरूस,
आशीर्वाद.

गाडी सुटायची आहे, कडूबा हॉर्न वाजवतोय. बस किंवा ऊठ, मी सांगणार नाही. आयुष्यभर तुला सगळ्यांनी सांगितलंच आहे. एवढं मात्र कर, उठलीस तर पाय अवघडले म्हणून ऊठ. दुसऱ्या कशासाठी उठू नकोस.
दादा

चिकलठाणा, औरंगाबाद
दि. ८ जुलै

ती. स्व. दादास, तसंच वहिनींस,
सरूचा नमस्कार. वि. वि.

काल दुपारीच मी भांडं भरून चहा केला आणि थर्मासमध्ये ओतून टेबलावर ठेवला. शेजारी सहा कप उपडे घातले. पोरं आली, पाया पडली, चांगल्या घरची वाटली. मी यांच्या खुर्चीवर बसले.

समोर विशीतलं पोरगं होतं, सर्व्हिस अशी की चेंडू दिसतच नव्हता. डावखुरा पहिले दोन सेट गमावून बसला. मग त्यानं कसं काय कोण जाणे, दोन्ही परत आणले. हळू हळू खेळून, कडेकडेनं टाकून त्या पोराला त्यानं इतकं पळवलं की पोरगंही म्हातारं दिसायला लागलं. पाचव्या सेटला पाच-पाच झाले. आणि बद्री माझ्याकडं न बघता म्हणाला, आई, जरा चहा.

मी म्हटलं की थर्मासमध्ये आहे, घ्या ओतून.

कुणी ओतून घेतला नाही. बद्रीनं वळून पाहिलं. माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, आणि पाय जागचे हलले नाहीत. पुढची दहा-बारा मिनिटं मी किती देवांची नावं घेतली ते मलाच ठाऊक.

हरला, दादा. शेवटचा चेंडू जाळीला लागून त्याच्याच बाजूला पडला. मी तो पडताना पाहिला. पोरांपैकी कुणी माझ्याकडं बघितलंही नाही. ती चपला शोधायला बाहेर गेली आणि बद्रीनं उठून टीव्ही बंद करायला हात नेला. मी म्हटलं की राहू दे. माझा आवाज मोठा निघाला असावा, कारण त्यानं हात मागं घेतला.

हरलेल्यालाही ताट देतात हे तुम्हांला माहीत होतं का? चांदीचं, मोठं थोरलं. इतकी वर्षं टेनिस बघून मला माहीत नव्हतं. निकाल लागला की यांना चहा लागायचा, आणि नंतर तर मी आतच असायची ना. डावखुऱ्यानं ते घेतलं, लोकांकडं बघून मान हलवली आणि मग कुणाला तरी शोधत वर बघायला लागला. कॅमेरा तिकडं गेला. पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती, मांडीवर पर्स, चेहरा सुकलेला. समालोचक म्हणाला की ती त्याची आई, पहिल्या फेरीपासून त्याचा एकही सामना तिनं चुकवलेला नाही. ती दिसल्यावर त्यानं ताट जरासं वर उचललं, शाळेतून आलेलं पोर पाटी दाखवतं तसं. ती रडली नाही. तिनं मान डोलावली.

बद्री टीव्हीपाशीच उभा होता. तो खाली बसला, माझ्या खुर्चीशी, जमिनीवर. मग त्यानं विचारलं की, आई, तुला त्रास झाला का गं. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं, पण तेवढं खोटं लेकाशी चालतं.

आज अंग फार दुखतंय, जणू मीच पाच सेट खेळले. अंथरुणात पडल्या पडल्या ती बाईच डोळ्यांपुढं येत होती. तो हरला तेव्हा सगळ्यांत आधी त्यानं तिलाच शोधलं. दादा, ती आत चहा करत असती, तर त्यानं कुणाकडं बघितलं असतं?

तुमची
सरू