आधी मामाचा कान

५ जानेवारी २०२५, रविवार

वरोऱ्याहून मंजुषाचा फोन. माझी धाकटी बहीण, पण फोनवर मोठी होते. ओवीचे कान दोन फेब्रुवारीला टोचायचे म्हणाली. पोरगी पाच वर्षांची झाली तरी कान कोरेच, कारण टोचताना मामाच्या मांडीवर बसायचं असतं आणि मामा म्हणजे मी. पहिल्या वेळी हरभऱ्यावर अळी होती, माझं बी-औषधांचं कृषी केंद्र बंद ठेवता येईना. दुसऱ्या वेळी मोटरसायकल बिघडली. (बिघडली नव्हती, बिघडायला आली होती.) दोन्ही वेळा सोनार चहा पिऊन परत गेला. मंजुषा म्हणाली, दादा, ह्या वेळी नाई आलास तं गोपालभाऊच्या मांडीवर बसवीन तिले. गोपाल तिचा शेजारी. त्याला ती राखी बांधते. बांधू दे.

मग फोनवर ओवी आली. मले भेव लागते म्हणाली. मी म्हटलं, अजिबात दुखत नाही, मुंगी जास्त चावते. तिला पटेना. तेव्हा बोलून गेलो की आधी मामा स्वतःचा कान टोचून दाखवतो. खरंच? म्हणाली. मी म्हटलं, मामा कधी खोटं बोलला का? मागून मंजुषा काहीतरी बोलली, नीट ऐकू आलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

चंद्रपूर. होलसेलरकडे काम होतंच. आमच्या पोंभुर्ण्यात सोनाराकडे कानाची पाळी टोचून घेता आली असती, पण पाळी लहान पोरांची. पुरुषाने वर टोचावं. कान टोचायच्या स्टुडिओतली निशा म्हणाली, वर मऊ हाड असतं, भरायला सहा महिने, कधी वर्षही लागतं, पाळीच घ्या. मी म्हटलं, मॅडम, टोचा.

डोळ्यांपुढे काजवे. हसत राहिलो. निशाने पाणी आणून खुर्ची आडवी केली. सगळ्यांचीच करत असतील.

मग सूचना. हात धुवूनच जवळ जायचं. दोन वेळा सलाइनने पुसायचं, बाकी काही नाही. रिंग फिरवायची नाही. काढायची नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही. हळद, तेल, स्पिरिट बंद. कान गरम झाला, सुजला, ताप आला तर थेट डॉक्टर. सगळं पाठ आहे.

दुखत नाही. बसमध्ये डावीकडे कोणी बसू नये एवढंच वाटत होतं.

८ जानेवारी

ओवीला फोटो पाठवला. तिचा व्हॉइस मेसेज: मामा, तू तं लय हिंमतवाला हायेस! दुकानात पुन्हा पुन्हा लावला. गिऱ्हाइकांनाही ऐकवला. पुनमला, म्हणजे बायकोला, ऐकवला तर म्हणाली, पोरीले खरं सांगतलं असतं तं तुमाले भोक पाडा लागलं नसतं.

१२ जानेवारी

निशा शहरातली. तिने डवरणी पाहिली नसणार. रोपाभोवतीची माती मोकळी केली की मुळांना हवा लागते, एवढं साधं आहे. आजपासून रिंग फिरवतो आहे, दुकानात वेळ मिळेल तशी. खपल्या निघतात, म्हणजे आतून सफाई चालू आहे. पुनम म्हणाली, त्या पोरीनं सांगतलं ना, हात नोका लावू. औषधाच्या पुड्यांचे हात हायेत तुमचे. पुडे सीलबंद असतात, हे तिला कोण सांगणार.

१७ जानेवारी

कान लाल. रक्तपुरवठा उत्तम.

सलाइन बंद. मिठाच्या पाण्यात औषध असं आहेच काय? सकाळी हळद-खोबरेल, दुपारी स्पिरिट, संध्याकाळी कडुनिंबाचा काढा. औषध आलटून पालटून मारलं की कीड सरावत नाही, हे मी रोज शेतकऱ्यांना सांगतो. ते ऐकतातही.

२१ जानेवारी

पत्रूभाऊ अळीचं औषध घ्यायला आले. माझ्याकडे बघून म्हणाले, धनराजभाऊ, पयले ह्या कानावर फवारा, मंग माह्या हरभऱ्यावर पाहू. सगळे हसले. मीही हसलो. हसलं की जबडा ठणकतो. पत्रूभाऊंनी औषध समोरच्या दुकानातून घेतलं.

२४ जानेवारी

ओवीचा व्हिडिओ कॉल. उजवीकडून बोललो. टोचला तो कान दाखव म्हणाली. नेटवर्क जातंय असं म्हणून बंद केला. नेटवर्क पूर्ण होतं. नंतर जेवण गेलं नाही. सुजेमुळे असेल.

२७ जानेवारी

वरचा अर्धा कान गरम, फुगलेला, पू येतो. रिंग सुजेत बुडाली. काढून टाकली. काटा निघाला की माणूस मोकळा होतो. पुनम ओरडली, काढू नोका म्हणे ना ते पोरगी! काऊन ऐकून नाई राह्यले तुमी कोणाचं? थोड्या वेळात छिद्र मिटलं, पूही थांबला. बघ, म्हटलं तिला.

३१ जानेवारी, शुक्रवार

ताप. पुनम चंद्रपूरला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, मऊ हाडापाशी पू अडकलाय, रिंग काढल्याने वाटही बंद झाली. आजच ॲडमिट व्हा, चिरा द्यावा लागेल, नाहीतर कानाचा आकार जाईल. मी म्हटलं, सोमवारी येतो. रविवारी भाचीचे कान आहेत. डॉक्टर पुनमकडे बघत राहिले. पुनम रडायला लागली.

तिसऱ्यांदा चुकवणार नाही. कान एक गेला तरी चालेल. हे मी खरंच लिहितो आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

वरोरा. डोक्याला दुपट्टा गुंडाळून गेलो, थंडीचं कारण सांगितलं. मंजुषा दारातूनच घरात ओरडली, माह्या दादा आला व! डोळे भरले होते तिचे. मला फार बरं वाटलं.

सोनार तार घेऊन तयार. ओवी नव्या फ्रॉकमध्ये येऊन मांडीवर बसली. बसली आणि म्हणाली, आधी तुया कान दाखव. मी म्हटलं, नंतर. तिने दुपट्टा ओढला. तिचा हात कानाला लागला. मी ओरडलो. शेजारपाजारचे धावत आले इतका ओरडलो.

ओवी माझ्या कानाकडे बघत मागे सरकली, मग पलंगाखाली गेली. गूळ दाखवला, बाहुली दाखवली, बाहेर येईना. सोनाराने चहा घेतला आणि तार पिशवीत ठेवली. मंजुषाने गूळ उचलून डब्यात ठेवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोपालने गाडी काढून मला थेट चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं. वाटेत मी म्हटलं, पोरगी जरा जास्तच भित्री आहे. त्याने रेडिओ लावला.

६ फेब्रुवारी

चिरा दिला. मऊ हाडाचा तुकडा काढावा लागला. वरची कड आत वळलेली राहील म्हणतात. केस वाढवले की झाकेल. त्या बाजूला केस कमी आहेत.

१६ फेब्रुवारी

मंजुषाने फोटो पाठवला. ओवीच्या दोन्ही कानांत सोन्याच्या बाळ्या. ज्या मांडीवर बसली आहे तिचे फक्त गुडघे दिसतात. माझे नाहीत. खाली काही लिहिलेलं नाही. पुनम म्हणाली, किती गोड दिसून राह्यली. मला डावी बाळी जराशी खाली वाटली. मोठा करून पाहिला. खाली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

ओवीला फोन केला. उजव्या कानाला लावून. दुखलं का, विचारलं. लय दुखलं म्हणाली. मग बसलीस कशी? तर म्हणे, गोपालमामानं सांगतलं होतं का लय दुखते, मंग थांबते. अन् थांबलं. आई मिठाच्या पाण्यानं पुसते, ओवी स्वतः हात लावत नाही.

मंजुषाचा आवाज मागे येत होता. फोनवर आली नाही.

मी म्हटलं, नाक टोचायच्या वेळी मामा नक्की येईल. ओवीने विचारलं, मामा, तुयं थांबलं का?

हो म्हटलं.

खरंच? म्हणाली.

नाही, म्हणालो. अजून दुखते.

मंग डॉक्टरले दाखव, म्हणाली, अन् हात नोको लावू.

मी कानावरचा हात काढला.