कानामागचं कोड

आप्पा, चार दिवस झाले, मला एका जागी बसवत नाहीये. चहा ठेवते आणि विसरते. कॉम्प्युटर सुरू करते, एक फोटो उघडते, बंद करते, पुन्हा उघडते. घरात सांगितलं तर म्हणतील, एका फोटोचं काय एवढं. तुम्ही तसं म्हणाला नसता. तुम्ही नुसते गप्प बसला असता, आणि मला त्याचीच भीती वाटली असती. तरी तुम्हालाच लिहितेय.

सात रस्त्याजवळचा आपला स्टुडिओ तुम्ही गेल्यावर दोन वर्षांतच मी सोडला. आता मी नवरीचे फोटो काढते, लग्न लागायच्या आधीचे, कार्यालयातल्या खोलीत. हनुवटी वर करा, इकडं बघा, असं काही सांगत नाही. ती बांगड्या सारखी करत असते, भूक लागली म्हणून लपून बिस्किट खात असते, आणि मी कोपऱ्यात उभी असते. लोक याला कँडिड म्हणतात. तुम्ही म्हणाला असता, म्हणजे चोरून. जे आहे ते दिसू दे, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. कार्डावरसुद्धा तेच छापलंय.

मागच्या महिन्यात करकंबच्या एका मुलीचं लग्न होतं. ऊन मी म्हणत होतं, खोलीतला पंखा नावाला फिरत होता. मेकअपवाली जेवायला गेली होती. मुलीनं ओल्या नॅपकिननं मान पुसली, तसा रंगाचा थर निघाला आणि कानामागून मानेपर्यंत उतरलेलं कोड दिसलं, तळहाताएवढं, पांढरं. तिला भान नव्हतं. ती धाकट्या बहिणीला कसलीशी गंमत सांगत होती, एक मुंडावळी बांधलेली, दुसरी लोंबत होती, आणि सांगता सांगता ती तोंड उघडून हसली. खिडकीचा उजेड सरळ तिच्या मानेवर होता. मी बटण दाबलं. असा फोटो मला वर्षभरात मिळाला नव्हता.

तिनं तो कॅमेऱ्यात बघितला, जरा वेळ बघतच राहिली. म्हणाली, "ह्यो चांगला आलाय की. ह्यो ठेवा, ताई."

तिची आई मागं येऊन उभी राहिली होती. "काढून टाका ह्यो. तिच्या सासूला ठावं न्हाय."

"त्यांना सांगितलंय मी, आई. फोनवर सांगितलंय सगळं."

"पोराला सांगितलंस. त्याच्या आईला कोण सांगनार?"

आईनं माझं मनगट धरलं. "तुमी पन लेकीच्या आईच असाल की," ती म्हणाली. बाहेरून हाक आली, नवरीला आणा. मी म्हटलं, काढून टाकते. मुलीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घालून दुसरी मुंडावळी बांधून घेतली.

मला बारावीची सुट्टी आठवते. तुम्ही टेबलापाशी बसला आहात, काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, हातात टोकदार पेन्सिल. गालावर भाजल्याचा व्रण असलेल्या एका मुलीचा स्थळाला पाठवायचा फोटो आहे आणि तुम्ही तो व्रण भरत आहात. मी म्हणते, ही फसवणूक आहे. तुम्ही पेन्सिल खाली ठेवता. "मी तिला विचारलंय," तुम्ही म्हणता. "ती म्हणाली, काढा. ठेवा म्हणाली असती तर ठेवला असता. तोंड तिचं आहे, तुझं नाही आणि माझंही नाही." त्यावर मी काहीतरी उद्धट बोलले. दोन दिवस तुम्ही मला डार्करूममध्ये पाऊल टाकू दिलं नाहीत.

आणि करकंबच्या या मुलीनं तर मला न विचारताच सांगितलं होतं, ठेवा म्हणून. फोटो मी कॅमेऱ्यातून काढला नाही. घरी आणला आणि कॉम्प्युटरवर ते कोड पुसलं. आईला शब्द दिलाय, मुलीचा संसार आहे, अल्बम सासरी चार जणांच्या हातात जाणार, असं स्वतःला सांगत पुसलं. मूळ फोटोवरच सेव्ह केलं, आणि दुसऱ्या लग्नासाठी कॅमेऱ्यातलं कार्ड मोकळं केलं. त्या मुलीला एक फोन करायला किती वेळ लागला असता?

चार दिवसांपूर्वी तिचाच फोन आला. आवाज मोकळा होता. "सासूबाईंनी बघितलं, ताई. केस धुताना पानी घालाय आल्या आन् बघितलं. 'हे कवापासनं?' म्हनल्या. सातवीपासनं म्हटलं. 'दुखतं का?' म्हनल्या. न्हाय म्हटलं. मग पानी घातलं त्यांनी. आजून कायबी बोलल्या न्हाईत." मग म्हणाली, "आता तेवढा फोटो द्या. भितीवर लावनार हाय मी."

माझ्याकडं होता तो पाठवला. दुसरं काय पाठवणार होते? दहा मिनिटांनी पुन्हा फोन.

"ताई, ही मी न्हाय की. पयला कुटं हाय?"

मी म्हटलं, कार्ड खराब झालं.

"व्हय का," ती म्हणाली. मग, "बरं," म्हणून तिनं फोन ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं. खरं सांगायला म्हणून तेव्हापासून तीनदा नंबर काढलाय आणि तीनदा फोन खाली ठेवलाय.

हे कागद टेबलाच्या खणात जातील. पण तिला खरं सांगितलं तरी एक गोष्ट सांगणार नाही, ती इथं लिहिते. ते कोड पुसायला मला तासभर लागला. कातडीचा पोत, घामाची चमक, मानेवरची बारीक लव, सगळं मी जुळवलं. कुठं काही पुसलंय हे आता मलाही सापडत नाही. काम झाल्यावर मी खुर्चीत मागं रेलले, आणि आप्पा, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की हे तुम्ही बघायला हवं होतं. मी खूश होते.