साडूभाऊंबरोबर शिखरावर

३ जानेवारी
बदलीचं गाव आवडलं. बायको महिनाअखेरीस येईल, तोवर जेवण मेहुणीकडे. आज जेवताना साडूभाऊंनी परस्पर जाहीर करून टाकलं, शनिवारी आपण दोघं शिखरावर तंबू ठोकायचा. मी खूश. उन्हाळ्यात पुष्कळ डोंगर चढलोय, पण बर्फात एकही रात्र काढलेली नाही, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, डोंगर तोच, नुसता पांढरा झालेला. मेहुणी वाढता वाढता थांबली. पहिली रात्र अंगणात काढा म्हणाली, कुडकुडलात तर निदान घरात येता येईल. आम्ही दोघं हसलो.

६ जानेवारी
तंबू उघड्या माथ्यावर. खाली झाडांच्या आडोशाला लावू म्हटलं, तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पेनातली शाई गोठली, म्हणून पेन्सिल. बर्फ वितळवून दोन पेले पाणी करण्यात दुपार गेली. बोटं बधिर झाली तेव्हा कळलं, माझे उन्हाळ्यातले डोंगर इथे काही कामाचे नाहीत. आणि सगळी भिस्त यांच्यावर. ते शीळ घालत बसलेत.

७ जानेवारी
सकाळी ढग चढून आले. उतरू या म्हणालो. त्यांनी मला शेळपट म्हटलं. जायचं तर एकटा जा म्हणाले. वाट मला माहीत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.
दुपारी वादळ. तंबूची दोरी सुटली. ती बांधायला ते हातमोजे न घालताच बाहेर गेले. परत आले नाहीत. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. हातभरापलीकडे काही दिसत नाही.

८ जानेवारी
आले. उजाडल्यावर चेन उघडून आत आले. मला रडूच फुटलं. कुठे होतात विचारलं, तर म्हणाले, इथेच, दाराशी. गरम पाणी दिलं, घेतलं नाही.
दाढीवर बर्फ आहे. स्टोव्हसमोर बसलेत कधीचे. वितळत नाही.

८, दुपार
माझ्या तोंडातून वाफ येते. त्यांच्या नाही. कधीपासून बघतोय—
खाली जाऊ म्हटलं. आता कशाला, म्हणाले. दाराला पाठ लावून बसलेत.

९?
स्टोव्ह बंद कर म्हणतात. सारखं तेच. उकडतं म्हणतात.
मागचं कापड चाकूनं फाडून निघायचं. वाट सापडली तर सापडली. इथे मात्र—

फाडलं. हात घालण्यापुरतं.
वारा पडलाय. लख्ख ऊन. समोर दोरीपाशी बर्फात अर्धे गाडले गेलेले साडूभाऊ. त्यांचाच निळा कोट. उघडे, काळे पडलेले हात. मुठीत दोरी—
मग आत हे—
वळून बघायचं नाही. लिहीत राहायचं.
स्टोव्हचा आवाज थांबला.
अगदी कानाशी, मायेनं म्हणतायत, सरक जरा, मलाही बघू दे, कोण आहे ते बाहे—