गरम पाण्यावरचा तवंग

सांता क्लारा, १४ जून

तीर्थस्वरूप उल्काकाकूंना सिद्धेशचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसून लिहितोय, पण मनाने पूर्ण आडवा आहे). गुडघा कसा आहे? मार्चमध्ये तुम्ही फोनवर विचारलंत, "तीन महिने तुमच्याकडे येऊन राहू का रे?" आणि मी अजून गप्प. क्षमा करा. विसरलो नव्हतो. प्रतिमाशी बोलून कळवतो म्हणालो होतो, आणि आम्हा नवरा-बायकोला एकाच वेळी मीटिंग नाही असं इथे सहसा घडत नाही. शेवटी तिनेच डोंगरातल्या एका जपानी पद्धतीच्या विश्रामगृहात खोली बुक केली. झऱ्याच्या गरम पाण्यात बसायचं, चटईवर लोळायचं आणि तुमच्या येण्याबद्दल शांतपणे ठरवायचं.

तिथे पुरुषांचं कुंड वेगळं, बायकांचं वेगळं. उतरण्याआधी बाहेर बसून स्वच्छ आंघोळ करायची, असा नियम. मी दोनदा केली (कानामागे राहिलं असावं अशी शंका आली). मग काठावर उभा राहिलो आणि वाटलं, एवढं कढत पाणी आणि अंगाला तेल नाही? तुम्ही दर दिवाळीला मला पाटावर बसवून रगडायचात. तुम्ही पाठवलेली तेलाची बाटली बॅगेत होतीच. नियम स्वच्छ होऊन उतरण्याचा आहे आणि तेल म्हणजे काही मळ नव्हे, यावर मी स्वतःशी बराच वाद घातला आणि जिंकलो.

तवंग आधी माझ्याभोवतीच होता. मग तो समोर डोक्यावर टॉवेलची घडी ठेवून बसलेल्या दोन वयस्क गृहस्थांकडे निघाला. ते खूश. एकाने तेलातल्या कापूरकाचरीचा वास ओढून घेत विचारलं, हे पॅकेजमध्येच आहे का? इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या विश्रांतीत आपलं तेल, हे मनाला पटेना. अंगाला किमोनो गुंडाळून मालकीणबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी कमरेत वाकून ऐकून घेतलं आणि कुंड रिकामं करायला लावलं. ते पुन्हा भरायला दुसरा दिवस उजाडणार होता.

मग खोल्याखोल्यांत जाऊन माफी मागणं आलंच. काकू, तिथली दारं कागदाची असतात. बेल नाही. आपण दार वाजवतो तसं मी वाजवलं आणि मनगटापर्यंत आत गेलो. आत चहा पीत बसलेल्या बाईंना माझा फक्त हात दिसला. बिचाऱ्यांनी तो हातात घेऊन हलवला. पुढचं दार मी एकाच बोटाने वाजवलं. तिथे भोक लहान पडलं.

मालकीणबाईंनी प्रतिमाला बायकांच्या कुंडातून बोलावून आणलं. केस निथळत ती म्हणाली, "सिद्धेश, यार, इथे कुणीच चिडलं नव्हतं. तू सॉरी म्हणायला निघालास म्हणून दारं फाटली." मी सॉरी म्हणालो. परतताना ती ड्राइव्ह करत होती आणि मी तुमचा विषय काढायला योग्य वेळ शोधत होतो. घर आलं.

एकंदरीत विश्रांती छान झाली.

तुमचा,
सिद्धेश

ता. क. : प्रतिमाने हे पत्र वाचलं (मीच दाखवलं, तिच्या पाठीमागे तिच्याबद्दल लिहिणं बरं वाटेना). ती म्हणते, तुम्ही जरूर या. मागच्या वेळी तुम्ही इथे राहिलात तेव्हा तिला तुमचा त्रास झालाच नव्हता, झाला तो माझा. तुम्ही आमटीत गूळ घातलात की मी तिची माफी मागायचो, तिने वगळला की तुमची. आणि तुम्ही दोघी नुसत्या जेवत असायचात. तुम्हालाही असंच वाटलं होतं का? स्पष्ट लिहा.

ता. ता. क. : तोडगाही तिनेच काढलाय. तुम्ही तीन महिने इथे, मी तीन महिने तुमच्या साताऱ्याच्या घरी. गंमत करतेस ना, असं विचारलं तर म्हणाली, "तिथे माफी मागायला कुणीच नसेल. खरी विश्रांती तुला तिथेच मिळेल." तेव्हा मुख्य विचारायचं ते असं : किल्ली कोणाकडे ठेवाल, आणि तुमचा गीझर कसा लावतात?

उद्या ऑफिसात रजेचा अर्ज देतोय.