पाणीही बेताने

११ जानेवारी १९६९, जळगाव
धुळ्याहून लालचंदजींचा ट्रंककॉल! आमच्या साप्ताहिकाचे मालक, आणि म्हणूनच संपादक. "शास्त्रीबुवा, चंद्राला प्रदक्षिणा घालून आले त्यांचं धैर्य सगळ्यांनी छापलं. तुम्ही पोटाचं लिहा. वर गेल्यावर करतात कसं हो?"
पाठशाळेत आठ वर्षे घासली ती बहुधा ह्यासाठीच.

१३ जानेवारी
अमेरिकेचे माहितीपत्रक वाचून काढले. निघण्याआधी काही दिवस चोथा नसलेले अन्न, म्हणजे पोटात उरतेच कमी. वायू धरणारे काही नाही — बंद डब्यात तिघे, खिडकी उघडायची सोय नाही! तरी वेळ आलीच तर अंगाला पिशवी चिकटवायची, मग तीत जंतुनाशक घालून हाताने मळायचे. वीरकाव्यात ह्याला जागा कुठे द्यावी?
शेजारचे रतनलाल कापडवाले ऐकून काळजीत पडले. "नाना, आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. पृथ्वीभोवती फिरताना दर दीड तासाला सूर्यास्त म्हणता. मग माणसानं जेवावं कधी?"
म्हटले, "भराभर."

१४ जानेवारी
लेख टपालात टाकला. शेवट साधला — 'डाळ नको, पाला नको, दूध नको, पाणीही बेताने.' शेवटचे पत्रकात नाही. तिथे उलटच आहे, पाणी भरपूर प्यावे. पण वाक्य तीन पायांवर लंगडत होते. जुने संस्कृत कवी 'च' आणि 'वै' घालून चरण भरीत. मी पाणी आटवले. कोण बघतो!

२ फेब्रुवारी
लेखावर पत्रे. बहुतेकांना स्वतःच्या बद्धकोष्ठावर उपाय हवा. मी आता वैद्य!
एक पत्र वेगळे. चंद्रकांता नावाच्या शिक्षिका, पारोळ्याच्या पुढे एका खेड्यात. अक्षर सुरेख. "शाळेत आडोसा नाही. बाभळीकडे जायची वाट वर्गासमोरून. मुले हसतात, पारावरची माणसे मान वळवतात. ते वीर दिवसचे दिवस राहतात, मला अकरा ते पाच एवढेच राहायचे आहे. काय खावे ते नेमके कळवावे."
आमची ही पत्र वाचून म्हणाली, "थट्टा करू नका हं. नीट लिहा."
नीटच लिहिले. कात्रण जोडले, शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. वर एक ओळ — 'आपण चंद्रावरच बदली मागावी.' ती हिला दाखवली नाही.

१२ मार्च
बाईंचे कार्ड. "यादी पाळते आहे. फरक आहे. आभारी आहे." बरे वाटले. ऊन चढू लागले.

१७ एप्रिल
लालचंदजींचा फोन. "तुमच्या त्या शिक्षिका इथं सरकारी दवाखान्यात. वर्गातच पडल्या. पिशवीत तुमचा लेख सापडला. काय खप आहे बघा आपला!"
हसलो नाही. त्यांच्या लक्षात आले असावे.

१८ एप्रिल, धुळे
एसटीत अंग भाजून निघाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात गावचे सरपंच पितांबर आबा टोपीने वारा घेत बसलेले. त्यांनीच गाडीत घालून आणले बाईंना, माणूस वाईट नाही. आडोशाचे विचारले तर खरेच नवल वाटले त्यांना. "नाना, बठ्ठं रान मोकळं शे ना!" सगळे रान मोकळे असताना आडोसा कशाला!
डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांना सूज. एक जवळजवळ गेले, दुसरे वाचते का पाहू. उन्हाळ्यात दिवसभर थेंब घेत नव्हत्या.
बाई झोपल्या होत्या. मी पळालो, दुसरा शब्द नाही.
लालचंदजींना म्हटले, दुरुस्ती छापा. "शास्त्रीबुवा, एक ओळ चुकली म्हटलं की लोक सगळा अंक तपासतात." मग पुढच्या अंकाची प्रुफे चाळू लागले. छापणार नाहीत.
एका चरणासाठी! एवढी विद्या कुणी सांगितली होती?

१९ एप्रिल, धुळे
आज सांगितले. पाण्याचे मी पदरचे घातले, तुमच्या ह्या स्थितीला मी कारण.
बाईंचा चेहरा सुजलेला, पण हसल्या. "ते होय? त्याखाली तुम्ही रेघ मारलीत तेव्हा मला वाटलं, एवढं कशाला सांगतात. पाणी मी आठवीत होते तेव्हापासून घराबाहेर पीत नाही. डाळ-दुधाचं तेवढं नवीन कळलं."
मग म्हणाल्या, "दुसरं मूत्रपिंड राहिलं तर जूनमध्ये शाळेत जाईन. आडोशाचं लिहाल का? चंद्राचं नको आता."
लिहीन म्हणालो. रात्रीच्या गाडीने परत.

२० एप्रिल, जळगाव
हिला बाईंची हकीकत सांगितली, पाण्याचे सांगायचा धीर झाला नाही.

२१ एप्रिल, जळगाव
ही म्हणाली, मीही येते धुळ्याला, बाईंना मऊ भात नेते. दुपारची गाडी, ऊन मरणाचे. निघताना मी तांब्या पुढे केला.
"आत्ता नको. धुळ्यापर्यंत जायचंय ना!"
लग्नाला बावीस वर्षे झाली.