दुकानाची खोली लसीकरणासाठी

मी, फ्रीज दुरुस्त करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी काल लेखी दिलं आहे. बायको असती तर तिने हरकत घेतली असती. मला कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून भुलवलेलंही नाही.

१. वरच्या मजल्यावरचं राहतं घर आणि माझी सगळी हत्यारं माझ्या लेकीला. वीस वर्षं ती माझ्यासोबत काम करते. नुसत्या आवाजावरून ती फ्रीजचा दोष सांगते. मला अजून मागचा पत्रा उघडावा लागतो.

२. उंच शिडी थोरल्या भावाला. "उद्या आणून देतो" म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी त्याने नेली, ती त्याच्याकडेच आहे. आता ती कायद्याने त्याची झाली. त्याने मला पाहून रस्ता बदलणं थांबवावं आणि चहाला यावं.

३. तळमजल्यावरची दुकानाची खोली बालआरोग्य संस्थेला, लसीकरण केंद्रासाठी, कायमची. बँकेतल्या ठेवीचं व्याज केंद्राचा फ्रीज चालू ठेवण्यासाठी. केंद्र सध्या भाड्याच्या खोलीत आहे, तिथल्या जागामालकाने वर्षअखेर खोली सोडायला सांगितलं आहे. दुसरी जागा मिळाली नाही तर इथल्या आयांना तान्ही मुलं घेऊन नदीपलीकडे जावं लागेल. निम्म्या जाणारच नाहीत.

माझं कारण वेगळंही आहे. बावीस वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, वीज सारखी जायची. केंद्राचा फ्रीज दुरुस्त करून निघताना मी कोणाला न विचारता बटण सगळ्यात थंडवर फिरवलं. वीज गेली तरी गारवा टिकेल, असं माझं शहाणपण. लस गोठली आणि वीज गेल्यावर पुन्हा वितळली, म्हणून कोणाला कळलं नाही. गोठलेली लस निकामी होते हे मला माहीत नव्हतं. चार दिवसांनी केंद्राच्या सिस्टरबाईंनी (केंद्र आजही त्याच चालवतात) बाटली हलवून पाहिली, तर गाळ झरझर तळाला बसला; लस गोठून गेल्याची ती खूण. तोवर एकेचाळीस बाळांना टोचून झालं होतं.

मी म्हणालो, "बाई, सगळ्यांना माझं नाव सांगा."

"तुमच्या नावाचं काय लोणचं घालू? लसीची पेटी उचला आणि चला."

नऊ दिवस आम्ही दारोदार फिरलो. बाई प्रत्येक आईला सरळ सांगायच्या, "आमच्याकडून लस बिघडली, पुन्हा टोचावी लागेल." एकीने दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, "आधी तुमचा फ्रीज सांभाळा, मग आमची पोरं!" बाई पायरीवर बसून राहिल्या. पाऊण तासाने दार उघडलं. एकेचाळीसही बाळांना लस मिळाली. शिव्या बाईंनी खाल्ल्या, मी फक्त पेटी वाहिली.

४. दारावर माझं नाव कोरू नये. बाकांना पाठ असावी. बाळ घेऊन ताटकळणाऱ्या बाईची कंबर कोणी विचारात घेत नाही.

५. ही खोली माझ्या लेकीच्या पोटापाण्याची आहे. म्हणून सही करण्याआधी कागद तिला वाचायला देत आहे. ती नको म्हणाली तर तिसरं कलम रद्द समजावं. माझा राग नाही.

(लेकीच्या हातचं) बाबा, वाचलं. मागच्या अंगणात पत्रे टाकून माझं काम भागेल. पण मृत्युपत्र लागू कधी होतं, याचा विचार केलात का? बाईंना खोली वर्षअखेर हवी आहे, आणि तुम्ही चांगले ठणठणीत आहात. त्यांनी काय तुमच्या मरणाची वाट बघायची? तिसरं कलम खोडा. सोमवारी जाऊन बक्षीसपत्र करू.

लेकीचं म्हणणं बरोबर आहे. तिसरं कलम खोडलं. खोली आणि ठेवीचं व्याज मी जिवंतपणीच देत आहे. चौथं कलम बक्षीसपत्रात जाईल. बाकी सर्व कायम.

सही: फ्रीज दुरुस्त करणारा
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. वर उल्लेख केलेले डॉक्टर
दिनांक: ३ नोव्हेंबर
ठिकाण: तळमजल्यावरची खोली. लेकीने टेबल आधीच अंगणात हलवल्यामुळे सह्या उभ्याने, भिंतीवर कागद धरून केल्या आहेत.